देवघरातला शाळिग्राम, अंटार्क्टिकातले अमोनाइट आणि खडकाच्या थरांचे वय

कुळागर (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. व्हडल्या दिवाळीच्या (तुळशीच्या लग्नाच्या) आदल्या दिवशी वृंदावन सारवून झाल्यावर मी देवघरातला शाळिग्राम धुण्यासाठी बाहेर काढला. माझ्या आजेसासूबाईंना तो एका यात्रेकरूने गंडकीहून आणून दिला होता, एवढीच त्याची हकिकत घरात सांगितली जाते. लिंबाएवढा काळा गोटा आहे. त्याची एक बाजू मुळातच उकललेली असल्यामुळे आतले चक्र स्पष्ट दिसते, आणि चक्राच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या बारीक बरगड्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत फोंड्याला आलेला माझा अकरावीतला भाचा तो हातात घेऊन बराच वेळ पाहत बसला आणि म्हणाला, "मावशी, हा अमोनाइट आहे. पण याचे वय कोणी मोजले आणि कशाने मोजले?"

मी सवयीने "कार्बनने मोजतात" असे सांगितले, तेव्हा त्याने मान हलवली. त्याने कुठेसे वाचले होते की अंटार्क्टिकातल्या क्रिटेशस काळाच्या (डायनासोरांच्या अखेरच्या काळाच्या) थरांचे वयदेखील अशाच अमोनाइटांवरून ठरवतात. त्याची शंका मला रास्त वाटली. शंखावर सन कोरलेला नसतो. दोन थर शेजारी असतील तर खालचा जुना आणि वरचा नवा एवढे समजते, पण ध्रुवाजवळच्या एखाद्या एकाकी बेटावरचा थर युरोपातल्या किंवा आपल्याकडच्या कोणत्या थराच्या वेळचा, हे कसे ओळखावे? वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र असलेल्या गोव्यात याचे जाणकार नक्की असतील, म्हणून हा धागा काढला आहे. कृपया भूविज्ञान न शिकलेल्या माणसाला कळेल असे लिहावे.

मांडवीतीर

कुळागरताई, भाच्याला माझी शाबासकी सांगा. मी पस्तीस वर्षे भूविज्ञान शिकवले, पण हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले.

आधी कार्बनचे सांगतो. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५,७३० वर्षांचा आहे, त्यामुळे सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरतच नाही. क्रिटेशस काळ संपला तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी. तिथे कार्बनचा काहीही उपयोग नाही.

अमोनाइट हे आजच्या माणकीचे आणि नॉटिलसचे दूरचे नातेवाईक, समुद्रात राहणारे. त्यांच्या गुंडाळलेल्या शंखात पडद्यांनी वेगळे केलेले कप्पे असत, प्राणी सर्वांत बाहेरच्या कप्प्यात राही आणि आतल्या रिकाम्या कप्प्यांच्या आधाराने पाण्यात तरंगे. प्रत्येक पडदा शंखाच्या भिंतीला जिथे चिकटतो तिथे एक नागमोडी रेघ उमटते. तिला आपण शिवण म्हणू. ही शिवण, बरगड्यांची ठेवण, गाठी आणि पाठीची धार ही सगळी लक्षणे अमोनाइटांत झपाट्याने बदलत गेली. एखादी जात काही लाख वर्षे टिके, मग तिची जागा दुसरी घेई. शिवाय त्यांचा प्रसार दूरवर होई आणि ते मुबलक असत. एका थरात विशिष्ट जात सापडली आणि शंभर कोसांवरच्या दुसऱ्या थरात तीच जात सापडली, तर ते दोन्ही थर त्या जातीच्या आयुष्याच्या अवधीतले ठरतात. जर्मनीतल्या आल्बर्ट ओपेल यांनी १८५६ ते १८५८ या काळात ज्युरासिक, म्हणजे क्रिटेशसच्या आधीच्या काळातल्या, खडकांवर काम करताना याच कल्पनेवर 'झोन' म्हणजे पट्ट्यांची पद्धत बसवली, आणि आजही आपण त्याच पद्धतीने काम करतो.

आता मुद्द्याचे. अमोनाइट वर्षे सांगत नाही, तो क्रम सांगतो. पुस्तकाच्या पानावरचा आकडा पाहून ते पान आधीचे की नंतरचे हे कळते, पण ते कोणत्या तारखेला छापले हे कळत नाही, तसेच हे आहे. वर्षे लागतात ती ज्वालामुखीच्या राखेतून. अमेरिकेच्या पश्चिम भागात क्रिटेशस काळी एक लांबलचक उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळावर अमोनाइटांच्या थरांमध्ये राखेचे पातळ थर पुन्हा पुन्हा पडत गेले. त्या राखेतल्या स्फटिकांचे वय आर्गॉनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) किंवा झिरकॉन या खनिजातल्या युरेनियमच्या शिशात होणाऱ्या रूपांतरावरून काढता येते. राखेच्या वर कोणता अमोनाइट आणि खाली कोणता हे आधीच ठाऊक असल्यामुळे क्रमाला वर्षांचे खिळे ठोकता आले. तिथल्या क्रिटेशसच्या उत्तरार्धात एकेका पट्ट्याचा अवधी सरासरी पाच लाख वर्षांच्या आसपास निघतो. सहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या घटनांसाठी हे फार बारीक मापन आहे.

सडा

मी शास्त्रज्ञ नाही, पण ध्रुवीय मोहिमेच्या व्यवस्थेत काम केल्यामुळे एक उन्हाळी मोसम मैत्री स्थानकावर राहिलो आहे, म्हणून एक गैरसमज दूर करावासा वाटतो. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी आपल्या गोव्यातूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोहोचली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावी. तथापि आपली मैत्री आणि भारती ही दोन्ही स्थानके ज्या खडकांवर उभी आहेत, त्यांत अमोनाइट सापडणे शक्य नाही. मैत्रीजवळचे शिरमाखर ओअॅसिस आणि भारतीजवळच्या लार्समन टेकड्या हे नाइस जातीचे, प्रचंड उष्णता आणि दाब सोसलेले, अमोनाइट जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचे खडक आहेत. मी तिथून पायाखालचे दगड न्याहाळतच फिरलो. गुलाबी-करडे पट्टे आणि गार्नेटचे लाल ठिपके मात्र मन भरून पाहिले.

क्रिटेशसचे अमोनाइट मिळतात ते वेडेल समुद्राच्या पलीकडे, अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाजवळच्या जेम्स रॉस, स्नो हिल, व्हेगा आणि सिमोर या बेटांवर. सिमोर बेटाला अर्जेंटिनाचे लोक मरांबियो म्हणतात. नॉर्वेचे कॅप्टन कार्ल अँटन लार्सेन १८९२ मध्ये सिमोर बेटावर उतरले आणि त्यांनी तिथले जीवाश्म गोळा केले. अंटार्क्टिकातून बाहेर आलेल्या पहिल्या जीवाश्मांपैकी ते होत. पुढे १९०१ मध्ये ऑट्टो नॉर्डेनशेल्ड यांची स्वीडिश मोहीम गेली, तेव्हा तिच्या 'अंटार्क्टिक' या जहाजाचे कप्तान लार्सेनच होते. ते जहाज फेब्रुवारी १९०३ मध्ये बर्फाने चेपून बुडाले, माणसे तीन ठिकाणी विखुरली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अर्जेंटिनाच्या 'उरुग्वाय' जहाजाने त्यांची सुटका केली. अशा अवस्थेतही मोहिमेचा जीवाश्मांचा संग्रह युरोपात पोहोचला, आणि किलियान आणि रेबूल या फ्रेंच अभ्यासकांनी १९०९ मध्ये त्यातल्या अमोनाइटांचे वर्णन प्रसिद्ध केले.

चिरेखाण

मी डिचोली भागातल्या लोहखनिजाच्या खाणींत भूवैज्ञानिक म्हणून आयुष्य काढले. आमच्या खडकांत जीवाश्म नाहीत, आहेत त्या फक्त घड्या. एकच लोहाचा पट्टा घडी पडून तीनदा डोके वर काढतो आणि खाली दिसणारा थर प्रत्यक्षात वरचा असतो, हे अनेकदा बोअरचे नमुने पाहिल्यावरच आमच्या लक्षात येई. त्यामुळे वरचा थर नवा हे वाक्य मी सहजासहजी मान्य करत नाही.

मांडवीतीर सरांना माझा प्रश्न आहे. थराचे वय अमोनाइटावरून ठरवायचे आणि अमोनाइटाचे वय थरावरून ठरवायचे, हे एकाच वर्तुळात फिरणे नव्हे काय? अंटार्क्टिकात अमेरिकेसारखी राख जागोजाग मिळते असे मला वाटत नाही, म्हणून हा आक्षेप तिथे अधिकच लागू पडतो.

मांडवीतीर

चिरेखाणकाका, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दोन पायऱ्यांत द्यावे लागेल.

पहिली पायरी क्रमाची. अमोनाइटांचा क्रम कोणी घरात बसून ठरवलेला नाही. जिथे थर मोडलेले नाहीत, उलटलेले नाहीत, अशा कड्यांवर खालून वर चढत जाऊन प्रत्येक जातीचे पहिले आणि शेवटचे दर्शन नोंदवले गेले आणि अशा शेकडो कड्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या. क्रम चुकीचा असता तर कुठे ना कुठे 'ब'च्या वर 'अ' सापडला असता. सिमोर बेटावर तुमच्या खाणींतल्या धारवाडी खडकांच्या घड्यांसारखा प्रकार नाही. थर आग्नेयेकडे हलकेच कललेले आहेत आणि माणूस बेटावर एका दिशेने चालत गेला की तो क्रमाने नव्या काळाकडे चालत जातो. तिथली लोपेझ दे बेर्तोदानो ही एकच शैलमाला हजार मीटरहून जाड आहे.

दुसरी पायरी वर्षांची, आणि तिथे अमोनाइटाला साक्षीदार लागतात हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. राख कमी असेल तर दुसरी घड्याळे लागतात. त्यांतली दोन-तीन खाजन यांनी मांडावीत, कारण त्यांचा अभ्यास सध्या याच विषयाचा आहे.

खाजन

सरांनी नाव घेतले म्हणून धीर करून लिहिते. मी एमएस्सीला आहे आणि क्रिटेशसच्या अमोनाइटांवरच प्रबंध करत आहे.

ध्रुवाकडच्या थरांची खरी अडचण राखेइतकीच प्राण्यांचीही आहे. सरांनी अमोनाइटांचा प्रसार दूरवर होई असे लिहिले आणि ते बहुतेक वेळा खरे आहे. आजच्या नॉटिलसचे रिकामे शंखदेखील समुद्रप्रवाहांबरोबर हजारो किलोमीटर वाहत जातात. मात्र क्रिटेशसच्या अखेरीस दक्षिण ध्रुवाभोवतीच्या थंड समुद्रात राहणाऱ्या अनेक जाती तिथल्याच होत्या. युरोपातल्या पट्ट्यांची नावे ज्या जातींवरून पडली, त्यांतल्या बऱ्याच जाती सिमोर किंवा जेम्स रॉस बेटावर कधी आल्याच नाहीत. त्यामुळे फ्रान्समधल्या पट्ट्यांची यादी घेऊन अंटार्क्टिकाच्या कड्यावर गेलात तर यादी तशीच कोरी घेऊन परत यावे लागेल. तिथे वेगळी मंडळी भेटतात: गुनाराइटीस, माओराइटीस, ग्रोसूव्हराइटीस, किचिनाइटीस, आणि कागद अडकवायच्या टाचणीसारखा वळलेला, मीटरभराहून मोठा होणारा डिप्लोमोसेरास.

इथेच आपल्या देशाचा संबंध येतो आणि मला त्याचे फार अप्रूप आहे. गुनाराइटीस, माओराइटीस आणि ग्रोसूव्हराइटीस ज्या कुळात मोडतात त्याचे नाव कोस्मॅटिसेराटिडी आहे. हे नाव फ्रान्झ कोस्मॅट या ऑस्ट्रियन अभ्यासकावरून आले, आणि कोस्मॅट यांनी १८९५ ते १८९८ या काळात वर्णन केले ते आपल्या तमिळनाडूतल्या अमोनाइटांचे. त्यांच्याआधी एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ मध्ये आणि फर्डिनांड स्टॉलिच्का यांनी १८६० च्या दशकात त्याच खडकांवर काम केले होते. किचिनाइटीस या प्रजातीचा (जवळच्या जातींच्या गटाचा) मूळ नमुना ज्या जातीचा आहे तिचे नावच पाँडिचेरियानस आहे. उत्तातूर, त्रिचनापल्ली आणि अरियलूर या तीन शैलसमूहांत क्रिटेशसच्या उत्तरार्धाचा मोठा भाग सलग वाचता येतो, आणि तिथे दक्षिणेकडच्या जाती आणि उष्ण समुद्रातल्या जाती जवळजवळ नांदताना सापडतात. उष्ण समुद्रातल्या जाती युरोपशी जुळवता येतात आणि दक्षिणेकडच्या जाती अंटार्क्टिका, न्यूझीलंड व पॅटागोनियाशी. दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्यांच्या मधे दुभाषी असावा तसे हे खडक आहेत. अंटार्क्टिकातल्या पहिल्या संग्रहाचे वय ठरवताना अभ्यासकांनी तुलनेसाठी दक्षिण भारताकडे पाहिले ते याच कारणाने.

आता काकांच्या आक्षेपाला उत्तर देणारी, अमोनाइटांवर विसंबून नसलेली घड्याळे.

एक आहे स्ट्रॉन्शियमचे. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियमचे दोन समस्थानिक ज्या प्रमाणात असतात ते प्रमाण काळानुसार हळूहळू बदलते, पण एका वेळी ते सगळ्या महासागरांत सारखेच असते, कारण पाणी ढवळायला हजार-दोन हजार वर्षे लागतात आणि स्ट्रॉन्शियम समुद्रात लक्षावधी वर्षे टिकते. शिंपला बांधणारा प्राणी ते प्रमाण आपल्या कवचात साठवून ठेवतो. क्रिटेशसच्या शेवटच्या दीड कोटी वर्षांत हे प्रमाण सातत्याने वाढत गेले, त्यामुळे कवचातले प्रमाण मोजून काळ वाचता येतो. जात तिथलीच असली तरी बिघडत नाही, कारण पाणी सगळीकडचे एकच होते. जेम्स रॉस बेटावरच्या शिंपल्यांवर असे मापन झालेले आहे. अट एवढीच, की कवच मुळातले असावे. अमोनाइटाचे कवच अॅरागोनाइट या चुन्याच्या खनिजाचे असते आणि पुरल्यावर ते सहसा विरघळते किंवा त्याचे कॅल्साइट हे चुन्याचेच दुसरे खनिज होते. सिमोर बेटावरच्या गोट्यांतले काही अमोनाइट मात्र अजूनही मोत्यासारखे चमकतात. ती चमक म्हणजे मूळ अॅरागोनाइट शाबूत असल्याची खूण.

दुसरे घड्याळ चुंबकीय आहे. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात आणि गाळ खाली बसताना त्यातले लोहाचे कण त्या वेळची दिशा धरून ठेवतात. मात्र सुमारे १२.१ कोटी ते ८.३६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेचार कोटी वर्षे, ध्रुव उलटलेच नाहीत. त्या काळातल्या थरांना हे घड्याळ लावून काही उपयोग नाही. त्यानंतरच्या अदलाबदली सिमोर बेटावर सापडल्या आहेत आणि क्रिटेशसचा अंत उलट्या चुंबकीय दिशेच्या ज्या पट्ट्यात येतो तो २९-आर नावाचा पट्टाही तिथे ओळखला गेला आहे.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मनाला लागून राहिली आहे. माझ्या पदवीच्या वर्षी आमच्या महाविद्यालयातला जुना संग्रह आवरण्याचे काम आम्हा विद्यार्थ्यांकडे आले. एका खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेले चाळीसेक अमोनाइट निघाले. त्यांतल्या काहींच्या शिवणी इतक्या रेखीव होत्या की शेवाळाची पाने दगडावर दाबून ठेवल्यासारखी दिसत. पण चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. कोणती खाण, कोणता थर, जमिनीपासून किती उंचीवर, काही म्हणजे काही उरले नव्हते. जाती ओळखून त्यांचा काळ ढोबळपणे सांगता आला, परंतु त्या नमुन्यांनी थरांच्या अभ्यासाला जे द्यायचे होते ते गेले ते गेलेच. त्या दिवसापासून मी दगड उचलण्याआधी वहीत नोंद करते.

चिरेखाण

खाजन, तुझे उत्तर पटले. स्ट्रॉन्शियमचे घड्याळ अमोनाइटाचे नाव विचारत नाही, म्हणजे वर्तुळ तिथे तुटते. चिठ्ठ्यांची गोष्ट वाचून वाईट वाटले. आमच्याकडे बोअरच्या नमुन्यांच्या पेट्यांची तीच गत मी पाहिली आहे.

शिंपले

मी काणकोणची. गेली वीस वर्षे किनाऱ्यावरचे शंख-शिंपले जमवते, म्हणून हा धागा ओढ लागल्यासारखा वाचत आहे. माझी शंका शेवटच्या अमोनाइटांविषयी आहे. क्रिटेशसच्या अखेरीस ते एकाएकी नष्ट झाले की हळूहळू कमी होत गेले, हे सिमोर बेटावरच्या थरांतून कळते का? मला माझ्या अनुभवातून एक अडचण दिसते. तिसऱ्यो तर आमच्या किनाऱ्यावर रोज मिळतात, पण एखादा दुर्मीळ शंख मला चार वर्षांतून एकदा सापडतो. उद्या सगळेच शंख एका दिवसात संपले, तरी त्या दुर्मीळ शंखाची माझ्या वहीतली शेवटची नोंद दोन-तीन वर्षांपूर्वीचीच असेल. वही वाचणाऱ्याला वाटेल की तो आधीच संपला होता.

मांडवीतीर

शिंपलेताई, तुम्ही किनाऱ्यावर बसून जे ओळखले त्याला भूविज्ञानात सिग्नर-लिप्स परिणाम म्हणतात. फिलिप सिग्नर आणि जेरी लिप्स यांनी १९८२ मध्ये तो मांडला. आणि तो ज्या ठिकाणी कसाला लागला त्यांतले एक ठिकाण नेमके सिमोर बेट आहे.

तिथल्या नोंदींत अमोनाइटांच्या जाती क्रिटेशसच्या सीमेच्या खाली वेगवेगळ्या उंचींवर दिसेनाशा होतात, म्हणून १९८० च्या दशकात विल्यम झिन्समायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला ऱ्हास हळूहळू झाला असे मत मांडले. १९९४ मध्ये त्या कड्यात इरिडियमचे वाढलेले प्रमाण सापडल्याचे प्रसिद्ध झाले. इरिडियम हा उल्काघाताचा मागमूस, जो जगभर त्याच सीमेवर आढळतो. पुढच्याच वर्षी चार्ल्स मार्शल यांनी तुमच्या वहीचाच विचार गणिताने केला. एखादी जात तिच्या आयुष्यात किती वेळा आणि किती अंतरा-अंतराने सापडते हे मोजले की तिचा खरा शेवट शेवटच्या नोंदीच्या किती वर असू शकतो याची मर्यादा काढता येते. सर्व जातींच्या मर्यादा एकत्र ठेवल्यावर इरिडियमचा थर त्या मर्यादेच्या आत पडला, म्हणजे तो नमुना एकाएकी झालेल्या विनाशाशीही जुळणारा होता. २०१६ मध्ये ब्रिटिश अभ्यासकांच्या गटाने सहा हजारांहून अधिक सागरी जीवाश्मांच्या आधारे तिथला विनाश आकस्मिक आणि तीव्र असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ध्रुवाजवळचे प्राणी काळोख आणि थंडीला सरावलेले असल्यामुळे त्यांना झळ कमी बसली असावी, हा जुना समज त्यामुळे मागे पडला. माझे स्वतःचे मतही गेल्या काही वर्षांत आकस्मिक विनाशाकडे झुकले आहे, आणि एके काळी वर्गात मी याच्या उलट शिकवले हे इथे सांगून टाकतो.

जाता जाता, त्याच काळात दख्खनचे लाव्हा वाहत होते. त्यांची एक कड सत्तरीच्या ईशान्येला आपल्या राज्यातही येते.

सडा

सगळी चर्चा दक्षिणेची झाली, म्हणून उत्तरेचे थोडे लिहितो. भारताचे हिमाद्री स्थानक स्पिट्सबर्गन बेटावर, स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या न्यू-ओलेसुंद इथे २००८ पासून आहे. स्वालबार्डमध्ये क्रिटेशसच्या पूर्वार्धाचे थर आहेत, उत्तरार्धाचे मात्र नाहीत, असे मी ऐकून आहे. हे खरे का, आणि तिथेही तिथल्याच जातींची अडचण येते का?

खाजन

होय, खरे आहे. क्रिटेशसच्या उत्तरार्धात तो भाग वर उचलला गेला आणि जे काही असेल ते झिजून गेले. जातींची अडचणही तिथे येते, उलट थोडी जास्तच. ज्युरासिक आणि क्रिटेशसच्या सीमेजवळ उत्तरेचा थंड समुद्र आणि दक्षिणेचा उष्ण समुद्र यांच्यातले अमोनाइट इतके वेगळे झाले, की उत्तरेकडच्या अभ्यासकांनी व्होल्गियन आणि रायाझानियन अशा स्वतंत्र काळविभागांची नावे वापरली. तिथे अमोनाइटांच्या जोडीला बुकिया नावाचा शिंपला फार कामाला येतो.

मात्र ध्रुव नेहमी दुसऱ्यांकडून वर्षे उसनी घेतात असे नाही. स्वालबार्डमध्ये राखेचे थर आहेत, त्यांतल्या एकाचे झिरकॉनवरून काढलेले वय सुमारे १२.३ कोटी वर्षे आले. तिथल्याच बोअरच्या नमुन्यांत राखेचे वय आणि चुंबकीय दिशा दोन्ही एकत्र मिळाल्यामुळे, मी वर लिहिलेल्या लांबलचक स्थिर काळाच्या अगदी आधीचा एम-शून्य-आर नावाचा उलटा पट्टा सुमारे १२.१२ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला हे २०२१ मध्ये काढता आले. त्याआधी तो बराच जुना, सुमारे १२.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जाई. पन्नास लाख वर्षांची ही दुरुस्ती ध्रुवाजवळच्या खडकांनी सगळ्या जगाच्या तक्त्यात करून दिली.

कुळागर

इतकी उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. सर्वांची मी ऋणी आहे. भाच्याने धागा दोनदा वाचला आणि काल रात्री आम्ही दोघांनी बॅटरीच्या उजेडात भिंगाखाली शाळिग्राम पाहिला. बरगड्या आतल्या कडेला एकेरी सुरू होतात आणि निम्म्यावर गेल्यावर प्रत्येकीला दोन फाटे फुटतात. जिथे फाटा फुटतो तिथे खसखशीच्या दाण्याएवढी गाठ आहे. बाहेरच्या पाठीवर बरगड्या मधेच थांबतात आणि एक अरुंद खाच राहते. तो विचारतो, की यावरून जात सांगता येईल का, आणि हा शाळिग्राम क्रिटेशसचा मानायचा की नाही?

मांडवीतीर

ताई, निरीक्षण उत्तम आहे. दुभंगणारी बरगडी, फाट्यावर गाठ आणि पाठीवर खाच ही लक्षणे ब्लॅनफोर्डिसेरास या प्रजातीची आहेत, आणि गंडकीच्या शाळिग्रामांत ती नेहमी मिळते. हिमालयातल्या स्पिती शेल नावाच्या काळ्या खडकात हे अमोनाइट गोट्यांच्या पोटात जपले गेले. नदीने खडक झिजवला आणि गोटे वाहून आणले. ब्लॅनफोर्डिसेरास हा ज्युरासिकच्या अगदी अखेरच्या टिथोनियन काळातला, म्हणजे तुमचा शाळिग्राम क्रिटेशसच्या उंबरठ्याच्या अलीकडचा ठरतो.

तो उंबरठाच अजून पक्का बसवलेला नाही. क्रिटेशसचा शेवट ट्युनिशियातल्या एल केफ इथल्या एका थरात आंतरराष्ट्रीय संमतीने निश्चित झाला आहे, परंतु त्याच्या आरंभासाठी असा सर्वमान्य थर अद्याप ठरलेला नाही, आणि खाजनने सांगितलेली उत्तर-दक्षिणेची फारकत हे त्याचे मोठे कारण आहे. माझ्या पिढीने तो आरंभ सुमारे १४.५ कोटी वर्षांपूर्वी असे पाठ केले. २०२० च्या कालमापन तक्त्यात तो १४.३१ कोटी असा आहे.

भाच्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. ब्लॅनफोर्डिसेरास अंटार्क्टिक द्वीपकल्पातल्या खडकांतही सापडला आहे. त्या काळी भारत, मादागास्कर आणि अंटार्क्टिका गोंडवनाचेच भाग होते आणि त्यांच्या कडेने पसरलेल्या समुद्रात ही प्रजाती वावरत होती.

खाजन

कुळागरताई, एक विनंती आहे. नदीतून आल्यामुळे या शाळिग्रामाचा थर आता सांगता येणार नाही, पण जे ठाऊक आहे ते तरी लिहून ठेवा.

कुळागर

लिहिले. भाच्याने पोस्टकार्डाच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात नोंद केली: 'गंडकी नदीचे पात्र. थर माहीत नाही. बहुधा ब्लॅनफोर्डिसेरास, टिथोनियन. आजेसासूबाईंना यात्रेकरूकडून मिळाला.' वाळवीची गोष्ट लक्षात ठेवून कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातले आहे आणि ती पिशवी देवघरात, शाळिग्रामाच्या तांब्याच्या ताम्हनाखाली ठेवली आहे.